चिनी जेडच्या तपकिरीच्या कुप्या: आतून कशा पोखरल्या असतील?

गारगोटी

मंडळी, इथे नाणी, अडकित्ते, पानदानं, जुने दिवे यांवर भरपूर धागे आहेत पण चिनी तपकीर-कुप्यांवर एकही सापडला नाही म्हणून हा उघडतेय. त्यातही मला लिहायचंय ते जेड नावाच्या कठीण दगडाच्या कोरीव कुप्यांबद्दल, साधारण १७५० ते १८५० या काळातल्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. तंबाखू चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटाला पोचली, तपकीर मात्र दरबारात शिरली ती युरोपातल्या जेझुइट पाद्र्यांबरोबर. १६८४ मध्ये कांगशी बादशहा दौऱ्यावर नानजिंगला असताना दोन जेझुइटांनी नजराणा आणला, बादशहाने बाकीचं सगळं परत केलं आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. युरोपात तपकीर डबीत ठेवायचे, पण दमट हवेत डबीतली तपकीर सादळते, म्हणून चीनमध्ये औषधाच्या ज्या छोट्या बाटल्या आधीपासून होत्याच त्या कामाला आल्या. अरुंद तोंड, घट्ट बूच, आणि बुचालाच खालून बसवलेला काडीएवढा चमचा. कुपीची उंची पाच ते आठ सेंटीमीटर, मुठीत मावते, बाहीत ठेवता येते. सर्दी डोकेदुखीवर औषध म्हणून ओढायचे, मग ती चैन झाली, मग प्रतिष्ठा झाली, आणि चियानलाँग बादशहाच्या (१७३६ ते १७९५) काळात तर अशी स्थिती आली की मोठ्या माणसाला भेट द्यायची तर कुपीच द्यावी. हेशेन नावाचा त्याचा लाडका मंत्री, १७९९ मध्ये त्याची मालमत्ता जप्त झाली तेव्हा यादीत दोन हजारांवर कुप्या निघाल्या!

कुप्या कशाच्या नव्हत्या ते विचारा. काच, चिनीमाती, अकीक, पोवळं, अंबर, हस्तिदंत, लाख. पण जेडची गोष्ट वेगळी आहे कारण जेड कोरता येत नाही. म्हणजे आपण "कोरीव जेड" म्हणतो खरं पण छिन्नी हातोडीचं हे काम नाहीच, आणि पोलादी सुरीचाही त्याच्यावर ओरखडा उठत नाही. जेडच्या आत बारीक तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात त्यामुळे तो सहजासहजी फुटत नाही, तडकत नाही, फक्त झिजवता येतो. पायाने चालवायचा चरक, त्यावर लोखंडाची चकती, आणि चकतीवर ओली वाळू किंवा तामड्याची किंवा कुरुंदाची पूड. कापते ती पूड, लोखंड फक्त तिला फिरवतं. दगड हातात धरून चकतीवर टेकवायचा आणि तासन् तास, दिवसेंदिवस झिजवत बसायचं.

आता मुद्द्यावर येते. सगळे जण कुपीची बाहेरची बाजू बघतात, ड्रॅगन बघतात, वटवाघळं बघतात, रंग बघतात. मी म्हणते आधी बूच काढा आणि आत बघा. तोंडाचं भोक पाच सहा मिलिमीटरचं असतं हो! आधी सरळ खाली भोक पाडायचं, मग त्याच भोकातून वाकडी, आकड्यासारखी लोखंडी हत्यारं आत घालायची, त्यांना पूड लावून फिरवत फिरवत खांद्याच्या आतला भाग पोखरायचा. कारागिराला आत काय चाललंय ते दिसत नाही, त्याला कळतं ते फक्त हाताला लागणाऱ्या घर्षणावरून आणि आवाजावरून. चांगल्या कुपीत आतली भिंत बाहेरच्या आकाराच्या मागे मागे जाते, तळाशी गोल वळते, आणि सगळीकडे जाडी सारखी असते. उजेडासमोर धरली की दगड आतून उजळतो. अकिकाच्या काही कुप्या तर इतक्या पातळ पोखरल्यात की बूच लावून पाण्यात टाकल्या तर तरंगतात.

आणि हे सगळं कोणाला दिसणार होतं? तपकीर भरली की आतलं काहीच दिसत नाही. तरी केलंय. मला या कुप्यांचं वेड लागलं ते यामुळे, आणि म्हणून मला ठामपणे वाटतं की कुपीची प्रत आतल्या कामावर ठरवावी, बाहेरचं कोरीवकाम नंतर. तुम्हाला काय वाटतं? मुंबईत, हैदराबादमध्ये, परदेशात कुठे कोणी बघितल्या असतील तर जरूर लिहा.

मीनल_ठाणे

वा, मस्त विषय. आमच्याकडे आजीची तपकिरीची डबी होती पितळेची पण असल्या कुप्या असतात हे माहितीच नव्हतं. एक प्रश्न, जेड म्हणजे हिरवाच ना? फोटो शोधले तर निम्म्या कुप्या पांढऱ्या दिसतायत.

खनिजवेडा

मीनलताई, जेड नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. नेफ्राइट आणि जेडाइट. चीनचा पारंपरिक जेड म्हणजे नेफ्राइट, तो यायचा शिनजियांगमधल्या खोतानच्या नद्यांतून, पाण्याने घडलेल्या गोट्यांच्या रूपात. पांढरा, राखाडी हिरवट, पिवळा, काळा, गडद पालकासारखा, सगळे रंग असतात. सगळ्यात मानाचा पांढरा, ज्याला चिनी लोक मेंढीच्या चरबीचा जेड म्हणतात, किंचित स्निग्ध चकाकी असते त्याला. तो पाचूसारखा झळझळीत हिरवा जो तुमच्या डोक्यात आहे तो जेडाइट, तो ब्रह्मदेशातून, काचिन भागातून. तो चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर यायला लागला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यामुळे जेडाइटच्या बहुतेक कुप्या एकोणिसाव्या शतकातल्या. ही दोन वेगळी खनिजं आहेत हे रसायनशास्त्राने सिद्ध झालं १८६३ मध्ये, दामूर नावाच्या फ्रेंच माणसाने केलं.

आणि गारगोटीताई, तुम्ही कालखंड दिलात त्याच्यामागे राजकारण आहे ते लिहायला हवं होतं. १७५९ मध्ये चियानलाँगने शिनजियांग जिंकलं आणि जेडचा पुरवठा एकदम वाढला. त्याआधी चांगला मोठा दगड मिळणं मुश्कील. नंतर बादशहाने खाजगी व्यापारावर घट्ट पकड ठेवली, १७७८ मध्ये शिनजियांगमधल्या यारकंदचा अधिकारी गाओ पू जेडची चोरटी विक्री करताना सापडला तर त्याला मृत्युदंड दिला. खाजगी व्यापारावरची बंधनं उठली ती १७९९ मध्ये, चियानलाँग गेल्यावर. त्यामुळे बाजारातल्या चांगल्या नेफ्राइट कुप्या त्या शंभर वर्षांत दाटलेल्या दिसतात.

गारगोटी

खनिजवेडा, हे फार छान सांगितलंत, धाग्याला हेच हवं होतं. नदीतल्या गोट्यांवरून आठवलं, त्या गोट्यांना वरून तांबूस तपकिरी साल असते, लोह मुरून आलेली. साधा कारागीर ती साल काढून टाकेल. सुझोऊच्या कारागिरांनी उलट केलं. सुझोऊ म्हणजे त्या काळचं जेडकामाचं सगळ्यात मोठं केंद्र. तिथल्या एका पंथाच्या कुप्या आहेत त्यात ही साल जिथे जशी आहे तिथे तशी ठेवून तिच्यातून चित्र काढलंय. तांबूस डाग असेल तिथे कडा, कड्यावर वाकडा पाइन वृक्ष, खाली पांढऱ्या भागात नदी आणि होडीत बसलेला म्हातारा विद्वान. खडकांना दातेरी कडा असतात, एकावर एक थर, त्यावरून हा पंथ लगेच ओळखू येतो. दगडाने जे दिलं त्याच्याशी बोलून घेतलेलं काम आहे ते. एका कुपीच्या फोटोत तर साल अगदी नखाएवढी होती, कारागिराने तिचं माकड केलंय आणि बाकी सगळी बाजू रिकामी सोडलीय. ती रिकामी सोडायला काय धाडस लागलं असेल!

जुनंपुराणं

सगळं मान्य पण एका गोष्टीवर असहमत. आतलं काम बघून प्रत ठरवायची म्हणजे गोटाकृती कुप्या, वांग्याच्या, भोपळ्याच्या, सिकाडा किड्याच्या आकाराच्या कुप्या यांच्यावर अन्याय होतो. ज्या कुपीत मूळ गोट्याचा आकार जपायचाय तिथे कारागीर मुद्दाम जास्त पोखरत नाही, वजन हाताला लागावं म्हणून. जेड ही मुठीत धरून कुरवाळायची वस्तू आहे. भरीव, जड, थंड दगड हातात हळूहळू ऊबदार होतो ते सुख पातळ कुपीत नाही. शिवाय बाहेरचं कोरीवकाम ही नुसती नक्षी नसते, त्यात आशीर्वाद असतो. वटवाघूळ सुखाचं, पीच दीर्घायुष्याचं, हरीण मोठ्या हुद्द्याचं, भोपळा पोराबाळांचा. साठीच्या भेटीत द्यायच्या कुपीवर पीच हवंच. घेणाऱ्याला आधी तेच कळायचं, आतली भिंत नव्हे.

गारगोटी

जुनंपुराणं, गोट्यांबद्दलचा तुमचा मुद्दा घेते, जिथे जाडी मुद्दाम ठेवलीय तिथे हरकत नाही. पण तिथेही आत बघितलं तर कळतं की भिंत विचार करून जाड ठेवलीय की नुसतं सरळ भोक पाडून काम उरकलंय. सरळ नळीसारखं भोक आणि खांदे भरीव, तळ सपाट, असं दिसलं तर ती कुपी वापरासाठी केलेलीच नाही, दुकानाच्या काचेत ठेवून पर्यटकाला विकायला केलीय. तिच्यात धड चिमूट चिमूट आठवडाभराची तपकीरसुद्धा राहणार नाही. आशीर्वादाचं म्हणाल तर तो नकलेतही तसाच उतरतो, नवीन मशीनने केलेल्या कुपीवरही पाच वटवाघळं असतातच. पोखरकामाची नक्कल करायला वेळ लागतो, आणि नकली माल करणाऱ्याकडे वेळच नसतो. म्हणून मी आत बघा म्हणते.

अण्णा सातारा

नमस्कार. विषय नवीन आहे पण आवडला. आमच्या ओळखीच्या एकांच्या घरी अशीच हिरवट कुपी आहे, वडिलोपार्जित आहे म्हणतात, वडील बोटीवर होते. ती खरी जेड आहे का हे घरच्या घरी कसं ओळखावं? एका दुकानदाराने सुरीने ओरखडा मारून बघू म्हटलं होतं, त्यांनी नाही म्हटलं.

खनिजवेडा

अण्णा, नाही म्हटलं ते फार चांगलं केलं, सुरी बिरी अजिबात नको. घनता काढा, कुपीला काही होत नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या.

आधी बूच काढून नुसत्या कुपीचं वजन करा. समजा ६२ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. कुपी दोऱ्याला बांधा, त्याच भांड्यात बुडवून आत पूर्ण पाणी भरू द्या, तिरकी करून हलवून आतला हवेचा शेवटचा बुडबुडा निघाला पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. आता दोरा हातात धरून कुपी पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने ६२ ला भागा. काटा २१ च्या आसपास असेल तर घनता २.९५ येते, म्हणजे नेफ्राइट. साडेअठरा दाखवला तर ३.३ च्या पुढे, म्हणजे जेडाइट. २४ दाखवला तर २.६, मग तो सर्पेंटाइन असण्याची शक्यता जास्त, मऊ दगड आहे, लिआओनिंग प्रांतातल्या श्यूयानचा असा दगड जेड म्हणून सर्रास विकला जातो. रंगवलेलं क्वार्ट्झ पण साधारण तिथेच येतं. काच असेल तर भिंगातून आत गोल बुडबुडे दिसतात.

एक महत्त्वाचं. आतून चित्र रंगवलेली काचेची किंवा स्फटिकाची कुपी असेल तर तिच्यात पाणी कधीही घालायचं नाही, चित्र धुऊन जाईल. हे फक्त दगडी, न रंगवलेल्या कुपीसाठी.

आणि दगड खरा निघाला म्हणजे कुपी जुनी असं नाही. जेडचं वय कुठल्याच प्रयोगशाळेत निघत नाही, दगड करोडो वर्षं जुना असतो, तो घडवला कधी हे मशीन सांगत नाही.

प्रवासी पक्षी

मी अमेरिकेत असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हेबर बिशप नावाच्या माणसाने १९०२ मध्ये दिलेला जेडचा संग्रह आहे, हजाराच्या वर वस्तू. कुप्यांचं खरं वेड अमेरिका आणि हाँगकाँगमध्ये आहे, बाल्टिमोरला १९६८ पासून कुपी जमवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय सोसायटी आहे. किमतींचं म्हणाल तर २०११ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ब्लॉक दांपत्याच्या संग्रहातली एक कुपी अडीच कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली, पण ती जेडची नव्हती, मीनाकाम केलेल्या काचेची होती, चियानलाँगच्या राजवाड्यातल्या कारखान्यातली. जेडच्या कुप्यांना सहसा इतका भाव येत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं कारण मेहनत जेडलाच जास्त.

मीनल_ठाणे

भारतात कुठे बघायला मिळतील? आणि आपला याच्याशी काही संबंध आहे का, की पूर्ण चिनी प्रकरण?

गारगोटी

मीनलताई, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह तिथे आहेत, चिनी आणि जपानी वस्तूंच्या दालनात जेड आणि कुप्या आहेत. लोक खाली गुप्तकाळ आणि वर लघुचित्रं बघून दमतात आणि या दालनातून भराभर निघून जातात, तुम्ही तिथे आधी जा. मुंबई आणि चीनमधल्या कँटन बंदराचा व्यापार एकोणिसाव्या शतकात जबरदस्त होता, कापूस आणि अफू जायची, चिनी भांडी, रेशीम, गारा साड्या यायच्या. जुन्या पारशी घरांत चिनी वस्तू दिसतात त्या या व्यापारामुळे. हैदराबादला सालारजंगमध्ये जेडचं मोठं दालन आहे, जहांगीरचा खंजीर, नूरजहानची फळं कापायची सुरी, शहाजहानची तिरंदाजीची अंगठी.

आणि संबंध विचारलात तर एक फार सुंदर संबंध आहे. मुघलांचा जेड चियानलाँगला प्रचंड आवडायचा. शिनजियांग जिंकल्यावर त्या वाटेने मुघल आणि त्या धर्तीच्या जेडच्या वाट्या, तबकं बीजिंगला जायला लागली, तो त्याला हिंदुस्तानचा जेड म्हणायचा आणि त्यावर त्याने कविता केल्यात. त्याला भुरळ पडली ती पातळपणाची, पाकळ्यांसारख्या कडा, भिंत इतकी पातळ की बोटं आरपार दिसावीत. त्याने स्वतःच्या कारागिरांकडून तशी कामं करून घेतली, आणि काही कुप्यांवरही ती मुघल पानंफुलं दिसतात, कमळाच्या पाकळ्या, लांब वळलेली पानं. म्हणजे खोतानचा दगड आग्र्याला आला, इथे घडला, परत चीनला गेला आणि तिथल्या बादशहाला पातळ काम म्हणजे काय ते दाखवलं. माझ्या आतल्या भिंतीच्या वेडाचं मूळ तिथेही आहे बघा.

जुनंपुराणं

ताई, हे वाचून बरं वाटलं. पण वस्तू कुठून आली हेही बोलायला हवं. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला, आणि त्या ब्रिटिश फौजेत आपल्याकडच्या, पंजाबच्या पलटणीही होत्या. विलायतेतल्या कितीतरी संग्रहांचं मूळ त्या लुटीत आहे. "राजवाड्यातली कुपी" असं कोणी अभिमानाने सांगितलं की माझा आनंद अर्धा होतो. आणि नवीन जेडाइटचं तर विचारूच नका, काचिनच्या फाकांतमध्ये २०२० साली खाणीच्या ढिगाऱ्याखाली १७० च्या वर माणसं गेली. सगळे ढिगाऱ्यात दगड वेचणारे गरीब. म्हणून मी नवीन जेडाइट घेत नाही, घेऊ नये असं सांगतो.

गारगोटी

पूर्ण सहमत. फाकांतची बातमी तेव्हा वाचली होती, नंतर बरेच दिवस हिरवा दगड बघवत नव्हता.

अण्णा सातारा

खनिजवेडा यांनी सांगितलं तसं केलं त्या गृहस्थांनी, घनता २.९४ आली! आता विचारतायत की आत तपकिरी थर आहे तो घासून काढावा का, आणि बूच लाल काचेचं आहे ते मूळचं असेल का. चमचा पांढरा आहे. मुलगा लंडनला आहे, तिकडे पाठवून विकावी का असंही चाललंय.

गारगोटी

अण्णा, अभिनंदन कळवा त्यांना, नेफ्राइट आहे! थर अजिबात काढू नका, ती वाळलेली तपकीर आहे, कुपी वापरात होती याचा तोच पुरावा. ओल्या फडक्याने बाहेरून पुसा, बस. बूच बहुतेक वेळा मूळचं नसतं, बुचं हरवतात, फुटतात, नवीन बसवतात, त्याने काही बिघडत नाही, फक्त तोंडावर घट्ट दाबू नका, तोंडाच्या कडेचा टवका तिथेच उडतो. बॅटरी आत तिरकी धरून बघायला सांगा, खांद्यापर्यंत पोखरलीय का आणि तळ गोल आहे का. बाहेर तळाची कडा बोटाने चाचपा, वापरलेल्या कुपीची कडा मऊ झालेली असते, नवीन कुपीची टोकदार लागते. तळावर कुपी चियानलाँगच्या काळातली आहे असं सांगणारी चार अक्षरं असली तर लगेच हुरळून जाऊ नका, ती नंतरच्या काळात भरपूर लोकांनी घातलीत.

पांढरा चमचा हस्तिदंती असू शकतो, तसा असेल तर खरेदी विक्री आपल्या कायद्याने चालत नाही, चमचा वेगळा काढून ठेवा. आणि लंडनला पाठवायचं म्हणाल तर थांबा, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात दाखवून लेखी घ्या. खरं सांगू का, विकूच नका म्हणावं. वडिलांनी बोटीवरून कुठल्या बंदरात घेतली, कधी घेतली, जुनी पत्रं, फोटो, पासपोर्ट काही असेल तर शोधून कुपीबरोबर ठेवा, कारण वय ठरवायला कारागिरीच्या जोडीला असे कागदच उपयोगी पडतात. आणि आतला फोटो काढता आला तर इथे टाका, मोबाईलचा कॅमेरा अगदी तोंडाला लावून, मागून उजेड धरून. मी वाट बघतेय.